आधी चलन बघा: कोल्हापूरच्या उद्योजक आणि व्यापारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

सर्व पदाधिकारी आणि संचालक मंडळींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोलिसांना किंवा जीएसटी कार्यालयाला न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे, ते आधी सांगते. आम्ही एका कंपनीचा माल परस्पर विकला, असा खोटा आरोप आमच्यावर झाला. पोलिसांनी माझे कागद बघितले. आमची रिटर्न थकली होती, त्यावर जीएसटीनं विलंब शुल्क आणि व्याज घेतलं, तिथला विषय संपला. कागद न बघता निकाल दिला तो आपल्याच माणसांनी, एका संघटनेच्या ऑफिसात, चहाचे कप हातात असताना. त्या संघटनेचं नाव मी लिहिणार नाही, त्या कंपनीचंही नाही. नाव लिहिलं की चर्चा नावाचीच होते, आणि मला जे मागायचं आहे ते बाजूला पडतं.

शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिलिंग, एक जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीनिंगचं यंत्र) आणि सहा कामगार. फौंड्रीवाल्यांकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा भाग, येतं, आम्ही ते मशीनिंग करून परत पाठवतो. माल त्यांचा, मजुरी आमची. बावीस वर्षं हे सगळं माझ्या मिस्टरांनी बघितलं. मी घर आणि पोरांच्या शाळा बघत होते.

१७ ऑक्टोबर २०२४ ला, दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढचे तीन महिने दवाखाना, फिजिओथेरपी आणि कर्ज यांतच गेले. वर्कशॉप थांबू दिलं नाही ते आमच्या मिस्त्रीमामांनी. काम होत होतं, बिलं निघत होती, पण जीएसटीची रिटर्न कुणी भरत नव्हतं. दर महिन्याच्या २० तारखेला काहीतरी भरायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. बिलांची फाईल घेऊन मिस्टर स्वतः कर सल्लागाराकडे जायचे. सल्लागार फोन करत होते तो त्यांच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल कपाटात बंद पडलेला.

आणखी एक गोष्ट मी लपवणार नाही. बिलांबरोबर कराचे म्हणून जे पैसे पार्टीकडून आले, ते दवाखान्यात गेले. ते पैसे सरकारचे होते, माझे नव्हते. ती चूक माझी आणि तिची किंमत मी भरली. हे पहिल्यांदा सांगते, कारण पुढचं सगळं तुम्ही खरं मानावं असं मला वाटतं.

मे २०२५ च्या शेवटी नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली. सलग सहा महिने रिटर्न नसलं की ती येते, आणि सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या रात्री मी तो मोबाइल चार्जिंगला लावला. त्याला पॅटर्नचं कुलूप. मिस्टरांना बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं माझ्या तळहातावर तो पॅटर्न काढून दाखवला. मला कळेना, म्हणून परत काढला, मग परत. तिसऱ्या वेळी मोबाइल उघडला, आणि पोर्टलचा ओटीपी माझ्या हातात आला.

२ जूनला ऑक्टोबर ते एप्रिल अशी सात रिटर्न ओळीनं भरली. ओळीनंच भरावी लागतात, मागच्या महिन्याचं भरल्याशिवाय पुढचं उघडत नाही. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, पण आमच्यासारख्या दीड कोटीच्या आतल्या उलाढालीला एका रिटर्नमागे २,००० रुपयांच्या वर जात नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या सहा रिटर्नचे १२,०००, आणि एप्रिलच्या रिटर्नला तेरा दिवस उशीर, त्याचे ६५०. एकूण १२,६५०. शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ज्यांच्या काही उलाढालच नाही त्यांच्या शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपयेच लागतात. हे आकडे मुद्दाम देते, कारण 'आता लाखाचा दंड बसणार' या भीतीनंच कितीतरी जण पोर्टल उघडतच नाहीत आणि नोंदणी रद्द होऊ देतात. मी गुजरीत पाटल्या मोडल्या, कर भरला, नोटिशीला उत्तर दिलं, आणि नोंदणी वाचली.

मिस्टरांचं २०२३-२४ चं आयकर रिटर्नही राहिलं होतं. ३१ जुलै चुकली होती, दिवाळीत भरू म्हणाले होते. विलंबित रिटर्नची मुदतही दवाखान्यातच संपली. मग अद्ययावत रिटर्नचा रस्ता उरला. २०२२ साली तो आला आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानं त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली. पहिल्या वर्षात भरलं तर कर आणि व्याज यांवर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, मग ६०, मग ७०. जितका उशीर तितकं महाग. त्यातून परतावा मागता येत नाही, तोटा पुढे ओढता येत नाही. विलंब शुल्क वेगळं: पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,०००, त्यावर असेल तर ५,०००. तेही भरलं.

आता ज्या कंपनीचं काम आम्ही करत होतो तिची बाजू. आमची रिटर्न नसल्यामुळे आमच्या बिलांवरचं त्यांचं क्रेडिट, म्हणजे आम्हाला दिलेल्या कराची त्यांना मिळणारी वजावट, अडकलं होतं. तक्रार रास्त होती आणि मी ती मान्य केली. पण त्यांच्याकडे आमचे १,८४,००० रुपये मजुरीचे येणं होतं, तेही पाच महिन्यांपासून. लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो, नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. जूनमध्ये रिटर्न भरून झाल्यावर मी ते लेखी मागितलं.

जुलैत पोलीस ठाण्यातून फोन आला. अर्ज आला होता: आम्ही पती-पत्नीनं संगनमत करून कंपनीची ८६ कास्टिंग परस्पर विकली. पती म्हणजे ज्यांना पाण्याचा ग्लास धरता येत नाही ते. आणि पुरावा काय जोडला होता? पोर्टलवर कुणालाही दिसतं त्या आमच्या रिटर्नच्या तक्त्याचं प्रिंट. 'सात महिने रिटर्न भरली नाहीत, त्यावरून यांचा हेतू अप्रामाणिक होता हे स्पष्ट होते,' असं वाक्य होतं अर्जात. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की मला पाठ झालं आहे.

या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. उशीर झाला म्हणजे हेतू वाईट, हा हिशेब आपल्या बाजारात सर्रास मांडला जातो. कायदा तसं म्हणत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम २७६सीसी रिटर्न न भरल्याबद्दल तुरुंगाची शिक्षा सांगतं, पण त्यात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. निघणारा निव्वळ कर १०,००० रुपयांच्या आत असेल, किंवा आकारणी वर्ष संपायच्या आत रिटर्न भरलं असेल, किंवा मुदतीत अद्ययावत रिटर्न दिलं असेल, तर त्या कलमाखाली खटला चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे आकडे त्यात बदलले, म्हणून मी जुन्याच कलमाचं नाव घेतलं. जीएसटीतही, कर गोळा करून तीन महिन्यांत न भरणं हा गुन्हा लिहिलेला आहे, पण शिक्षेची भाषा सुरू होते ती रक्कम दोन कोटींच्या वर गेल्यावर. खोट्या बिलांची गोष्ट वेगळी, तिथं मर्यादा एक कोटी आहे, आणि तशा लोकांची बाजू मी घेणार नाही.

ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, दुकानांतल्या वह्या भिजल्या. त्या वेळी पूरग्रस्त जिल्ह्यांना जीएसटी रिटर्नला मुदत वाढवून मिळाली. तेव्हा उशीर झालेल्या एकाही व्यापाऱ्याला आपण अप्रामाणिक म्हटलं नाही. माझ्या घरातलं पाणी कुणाला दिसलं नाही, एवढाच फरक.

पोलीस ठाण्यात जायच्या आदल्या रात्री मी घरभर कागद शोधले. ८६ नग परत गेले होते हे मिस्त्रीमामांना नक्की आठवत होतं. ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची भोकं, निघाले होते, मशीनिंगला लावण्यासारखे नव्हते, म्हणून मिस्टरांनी टेम्पो करून परत पाठवले होते. पण चलन, म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद, सापडत नव्हतं. पहाटे चारला अॅक्टिव्हाच्या डिकीत, रेनकोटच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते मिळालं. १५ ऑक्टोबर २०२४ ची तारीख. '८६ नग, ब्लोहोल, परत' असं मिस्टरांच्या अक्षरात. कोपऱ्यात कंपनीच्या गेटचा शिक्का आणि वॉचमनची सही. टाचणीनं लावलेली वजनकाट्याची पावती, १,२१० किलो. एक नग साधारण १४ किलोचा, म्हणजे ८६ नगांना मेळ बसत होता. दोन दिवसांनी त्यांना झटका आला. त्यांनी उजव्या हातानं लिहिलेला माझ्याकडचा हा शेवटचा कागद.

मिस्टर चलनाच्या तीन प्रती काढायचे: एक माल घेणाऱ्याला, एक टेम्पोवाल्याला, एक आपल्याकडे. नियम तसाच आहे, पण आपल्या किती वर्कशॉपमध्ये तो पाळला जातो, तुम्हीच सांगा. 'ओळखीतलं काम आहे, चलन कशाला' असं म्हणणारे निम्मे तरी निघतील. ओळख असेपर्यंत चालतं. ओळख मोडली की तोच माल चोरीचा होतो.

एका वकीलताईंनी मला धीर दिला. त्यांनी सांगितलेलं इथं लिहिते, कारण उद्या ही वेळ तुमच्यापैकी कुणावरही येईल. पोलिसांचा फोन आला तर पळायचं नाही आणि घाबरून तोंडी काही कबूल करायचं नाही. जे सांगायचं ते लेखी द्यायचं, सोबत कागदांची यादी आणि झेरॉक्स, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. मूळ कागद पोचेशिवाय किंवा पंचनाम्याशिवाय हातातून सोडायचा नाही. अपहाराचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, साध्या प्रकारात पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआर नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि आपले कागद पुढे करायची खरी वेळ तीच असते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलं आहे. ती नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अपवादात्मक कारण असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. हे कळलं तेव्हा मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा झोपले.

आणि ज्याला वकील परवडत नाही त्यानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मला हे आधी माहीत असतं तर एक कर्ज कमी झालं असतं.

चौकशी करणारे अधिकारी शांत होते. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि कंपनीकडे दोनच गोष्टी मागितल्या: १५ ऑक्टोबरचं गेटवरचं आवक रजिस्टर, आणि जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, पाठवलेल्या मालाचं आयटीसी-०४ हे जीएसटीचं विवरण. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला दिलेल्या मालाचा हिशेब ठेवायची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नाही. रजिस्टरमध्ये आमच्या टेम्पोचा नंबर निघाला. अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे पुढे कारवाई न करता बंद झाला. एफआयआर झालीच नाही.

पण मधल्या दिवसांत तुमच्यातल्याच एका संघटनेनं 'समेटाची' बैठक बोलावली होती. मी मोठ्या आशेनं गेले. चलन, पावती, रिटर्नची पोच, सगळी फाईल घेऊन गेले. फाईल टेबलावरच राहिली. एक ज्येष्ठ म्हणाले, "वहिनी, तुमचे कागद बरोबर असतील वो, पण रिटर्नच भरली नव्हती म्हटल्यावर तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार? मिटवून टाका." आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की 'नजरचुकीने आमच्याकडे राहिलेल्या ८६ नगांपोटी' आम्ही १,८४,००० रुपयांचं येणं सोडून देत आहोत.

मी सही केली असती तर काय झालं असतं, याचा विचार त्या खोलीत कुणी केला होता का? चौकशी चालू असताना माझ्याच सहीचा कबुलीजबाब कंपनीच्या हातात गेला असता. मिस्टरांच्या अक्षरातलं ते चलन खोटं ठरलं असतं. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल, हे मी समजू शकते. कोर्टाच्या पायऱ्या चढू नयेत असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. पण निर्दोष माणसाकडून कबुली लिहून घेणं याला मी समेट म्हणणार नाही. मी फाईल उचलली आणि घरी आले. दुसऱ्या आठवड्यात दोन पार्ट्यांनी काम काढून घेतलं. 'बाईनं माल विकला म्हणे' हे वाक्य उद्यमनगरातून शिरोलीपर्यंत पोचलं होतं. अर्ज दप्तरी दाखल झाल्याची बातमी मात्र कुठंच पोचली नाही.

त्याच सुमारास एक तोतया फोन आला. 'जीएसटीतून बोलतोय, केस बंद करायला चाळीस हजार पाठवा, नाहीतर डिजिटल अरेस्ट.' असली अटक कायद्यात नाही. आयकराच्या प्रत्येक पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून ओळख क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो. जीएसटीची नोटीस आपल्या लॉगिनमध्ये दिसते. तिथं नसेल तर पैसे पाठवू नका.

आता मागणी. सदस्याची तक्रार आली, क्रेडिट अडकल्याची असो की मालाची, तर माणसाबद्दल बोलायच्या आधी दोन्ही बाजूंची चलनं, वजनकाट्याच्या पावत्या आणि आवक-जावक रजिस्टर टेबलावर मागवा. ती वाचता येणारा एक माणूस बैठकीत बसवा. पोलीस चौकशी चालू असेल तर कुणाकडूनही कसलीही कबुली लिहून घेऊ नका, त्याला आधी वकिलाकडे पाठवा. महिन्यातून एक संध्याकाळ एक सीए आणि एक वकील संघटनेच्या ऑफिसात बसवा, जिथं रिटर्न थकलेला माणूस लाज न बाळगता येईल. आणि प्रत्येक सदस्याला सांगा की पोर्टलचा पासवर्ड, ओटीपीचा मोबाइल आणि चलनाची फाईल घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या. बायकोला सांगा. बावीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, पण ओटीपी म्हणजे काय हे मला त्यांची वाचा गेल्यावर कळलं.

आणखी एक. ज्याच्यावरचा आरोप खोटा निघाला, त्याची बातमीही संघटनेनंच द्यावी, ज्या ग्रुपवर आरोपाची दिली त्याच ग्रुपवर. खोटी माहिती देऊन सरकारी नोकराला कामाला लावणं हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, आणि खोटा आरोप करणं कलम २४८ खाली. एफआयआर झाली असती तर ती रद्द करून घ्यायला आता मुंबईही गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू आहे, आणि त्यासाठी आपल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ लढा दिला. मी कुणावर उलट केस केलेली नाही. मजुरीचे पैसे मिळावेत म्हणून लघुउद्योगांच्या समाधान पोर्टलवर अर्ज केला आहे, एवढंच. मला सूड नको, मला काम परत हवं आहे.

माझ्या फाईलच्या पाच झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. ज्या संघटनेला बघायच्या असतील त्यांनी बैठकीची तारीख कळवावी, मी येईन. चलनाची मूळ प्रत मात्र आणणार नाही. ती मिस्टरांच्या उशाशी असते.

आपली,
शिवाजी उद्यमनगरातील एक वर्कशॉप चालक
कोल्हापूर